आठ पावलांची पट्टी

तुमच्या घरातली मुलगी पळते, तेव्हा तिचे डोळे कुठे असतात, हे तुम्ही कधी पाहिलंय का?

पाहिलं नसेल तर मी सांगते. स्वतःच्या पायांवर असतात. हनुवटी छातीकडे झुकलेली, एक हात ओढणीवर, आणि नजर अंगठ्याच्या पुढे वीतभर. अशी पळणारी मुलगी पडते. मग आपण म्हणतो, पोरींना पळता येत नाही. खाली बघून चाल, खाली बघून बोल, असं पंधरा वर्षं शिकवायचं आणि सोळाव्या वर्षी ती पळताना पडली की हसायचं, असा आपला न्याय आहे. हे मला कुठल्या क्रीडाशिक्षकाने सांगितलं नाही. महागाव तालुक्यातल्या आमच्या गावात बायांची टोळी घेऊन रोजमजुरीला जाणाऱ्या एका बाईने सांगितलं. तिला सगळा गाव मुकादम म्हणायचा. बाई असली तरी मुकादमच. टोळीत वीस बाया होत्या आणि कुठल्या वावरात कधी जायचं, हे ती एकटी ठरवायची.

मुकादम कधी पायाकडे बघत नसे. डोक्यावर गवताचा भारा, कमरेला विळा, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, अशी ती धुऱ्यावरून यायची. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आमच्याकडे तो जेमतेम दीड वीत रुंद, त्यात उंदरांची बिळं, दोन्ही बाजूंनी तरोट्याचं तण माजलेलं. आम्ही त्यावरून पाऊल चाचपत जायचो आणि तरी घसरायचो. ती डांबरी रस्त्यावरून चालल्यासारखी यायची, नजर समोर. ही मान नवऱ्यासमोर झुकली नाही, सासऱ्यासमोर झुकली नाही, असं गावातली म्हातारी माणसं सांगायची. त्यांच्यासाठी ती तक्रार होती. मला ती बाईच्या कौतुकातली पहिली ओळ वाटायची.

आमची गाठ पडली ती रस्त्यावर. त्या उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही चौघीजणी पोलीस भरतीसाठी सकाळी पळायला लागलो होतो. गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याची कड, शेजारून जाणारे टेम्पो, आणि आम्ही. भरतीला जाऊन आलेल्या पोरांनी आम्हाला एकच मंत्र दिला होता, लांब टांगा टाका. आम्ही टाकत होतो. सगळ्यात पुढे नर्गिस असायची, रस्त्यावर ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान असलेल्या रफीकभाईंची मुलगी. तिच्या अंगात वारं होतं. पण आदल्या भरतीत आठशे मीटर पळताना ती मैदानावर तोंडघशी पडली होती आणि तेव्हापासून गावातली पोरं तिला ‘पडेल’ म्हणायची. तिला वर्दी हवी होती. त्याहून जास्त तिला ते नाव पुसायचं होतं.

एका सकाळी समोरून मुकादमची टोळी आली. मुकादम थांबली, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “काय व पोरीहो, मांगं कुत्रं लागलं काय?”

“भरती हाय ना मावशी. पोलीसची,” नर्गिस धापा टाकत म्हणाली.

“चोर धराले असं पयसान? चोर पयनार नाई व, तमाशा पाहाले थांबीन.”

सगळ्या बाया हसल्या. माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे भाषण सुरू केलं. कष्ट करणाऱ्या बाईनेच मुलींना हसावं, मग पुरुषांना काय बोलायचं, तुमच्यासाठीच आम्ही लढतोय, असं बरंच काही. मुकादमने मधे तोंड घातलं नाही. मी थांबल्यावर तिने विचारलं, “झालं?”

“झालं.”

“मंग आता एक सांग. बोलून राह्यली माह्याशी, अन् पाहून राह्यली माह्या पायाकडे. काहून व?”

मी मान वर केली. मला खरंच कळलं नव्हतं. इतकी चिडले होते, इतकी मोठी वाक्यं बोलत होते, आणि नजर तिच्या धुळीने भरलेल्या पायांवर होती.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी पत्रकांवर वाढले. माझे बाबा पत्रकं वाटत हिंडायचे, मजुरांची, पाण्याची, जमिनीच्या हक्काची. घरात पाठ्यपुस्तकांना कव्हर घातलं जायचं तेही उरलेल्या पत्रकांचं. अक्षरं मी त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट चार पानांत, ठळक मथळ्यासह सांगितली की सुटते, अशी माझी समजूत होती. मुकादम मला ‘पत्रकवाली’ म्हणायला लागली ती त्या दिवसापासून.

पंधरा दिवसांनी नर्गिस पडली. मागून टेम्पो आला, तिने दचकून पायाकडे पाहिलं, लांब टाकलेली टांग डांबराच्या तुटक्या कडेवर आली आणि ती खाली गेली. ताठ हात पुढे करून पडली, मनगट मोडलं. तिच्या पायात भावाचे बूट होते, दोघांना चालावेत म्हणून एक नंबर मोठे घेतलेले. आमच्यापैकी कुणाच्याच पायात स्वतःच्या मापाचे बूट नव्हते, हेही तेव्हाच आमच्या लक्षात आलं.

गावाला बोलायला विषय मिळाला. माझी आई म्हणाली, “आज हात मोडला, उद्या तोंड फुटीन. बंद करा हे.” रफीकभाईंनी मात्र पोरीला दोष दिला नाही. ते म्हणाले, “हात तो जुड जायेगा. पण पोट्टीले पुन्हा रोडवर नाई पाठवत मी. मैदान दाखवा, मंग पाठवतो.”

मैदान कुठून आणायचं? शाळेसमोरच्या जागेत गिट्टीचे ढीग पडलेले. मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. चार पानी पत्रक लिहिलं, ‘मुलींना मैदान नाकारणारी व्यवस्था’. शंभर प्रती काढल्या, ग्रामपंचायतीत दिल्या, पानटपऱ्यांवर वाटल्या. आठवड्याने त्यात गुंडाळलेले भजे माझ्याच हातात आले.

मुकादमला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, “वाच बरं, काय लिवलं ते.” मी धुऱ्यावर बसून चारही पानं वाचली. मोठ्याने, हातवारे करत. ती तंबाखू मळत ऐकत होती.

“लई चांगलं लिवलं,” ती म्हणाली. “मांगलं काय?”

“म्हणजे?”

“अवं, तुले पाह्यजे काय, ते कुठं हाय याच्यात? कोनाच्या वावरात, किती पावलं, कधीपासून कधीलोक? वाचनाऱ्यानं काय करावं मंग, रडावं?”

मी पानं उलटून पाहिली. मागणी कुठेच नव्हती. चार पानं राग होता.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन बाबारावकाकांच्या वावरात गेली. हे गावातले बरे शेतकरी, रस्त्याला लागून त्यांचं सोयाबीनचं वावर. मुकादम त्यांच्याशी बोलली नाही आधी. ती धुऱ्यापासून चालायला लागली, एक, दोन, तीन, आठ पावलं मोजली आणि टाचेने रेघ मारली.

“काका, सोयाबीन निंगालं की एवढं पोरींले पाह्यजे. वावराच्या लांबीचं. पेरणीलोक.”

“अन् हरभरा कुठं पेरू, तुह्या अंगनात?”

“आठ पावलानं तुमचा हरभरा कमी नाई होत. माह्या बाया कपाशी टोबाले तुमच्या वावरात पयल्या दिवशी येतीन. पानी पडल्याच्या दुसऱ्या सकाळी. दरवर्षी.”

ज्यांना शेती माहीत आहे, त्यांना या वाक्याचं वजन सांगायला नको. पाणी पडलं की कपाशी लावायला सगळ्या गावाला एकाच दिवशी मजूर हवे असतात आणि बाया एकाच ठिकाणी असू शकतात. बाबारावकाकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “पयल्या दिवशी?” “पयल्या.” “जमलं.” ना कागद, ना सही. माझ्या शंभर पत्रकांनी जे केलं नाही ते आठ पावलांनी आणि एका शब्दाने केलं. मी त्या दिवशी गप्प घरी गेले. मला ओळखणाऱ्यांना हे खोटं वाटेल.

सोयाबीन निघालं, पट्टी मोकळी झाली, नर्गिसचं मनगट जुळलं आणि मुकादमची शाळा सुरू झाली. कामावर जाण्याआधीचा तासभर ती आम्हाला द्यायची. तिने आयुष्यात शर्यत पळलेली नव्हती. पण टोबणीत तिच्यासारखी बाई तालुक्यात नव्हती. टोबणी म्हणजे कपाशीचं बी हाताने, ठरलेल्या अंतरावर मातीत घालणं. इतर बाया खुणा केलेली दोरी लावायच्या. मुकादमची दोरी म्हणजे तिचं पाऊल. तिने टोबलेलं वावर उगवून आलं की झाडं कुठूनही मोजावीत, अंतर तेच. याचा तिला भारी अभिमान होता. “माह्या ओयीत झाड वाकडं निंगालं त बी वाकडं असन, मी नाई,” असं म्हणायची.

तिने पट्टीचा एक तुकडा बाबारावकाकांच्या बैलजोडीने वखरून घेतला. भुसभुशीत काळी माती. त्यावर आम्हाला एकेकीने पळायला लावलं आणि मग आमची पावलं पाहत फिरली. नर्गिसच्या पावलांपाशी थांबली. टाचेच्या जागी खोल खड्डे.

“हे काय व? झाडं लावाचे हायेत काय इथं?”

“लांब टांग टाकते मी, मावशी. जोरात जाता येते.”

“जोरात नाई जात. टाच पुढं रोवतं अन् सोताच सोताले थांबवतं. गाडीचा ब्रेक दाबून गाडी पयवतं.” मग तिने कमरेतून वाकून टोबणीचा हात करून दाखवला. “पाह्य. कपाशीचं बी कुठं टाकते मी? अंगाखाली. हात लांब करून टाकलं त मी तोंडावर जाईन. पायाचंबी तसंच हाय. पाऊल अंगाखाली पडलं पाह्यजे. बारीक बारीक, भरभर.”

रफीकभाईंच्या मुलीला ब्रेकची उपमा लगेच पोचली. मला टोबणीची. मग तिने वाळलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उपटलेली झाडं, पट्टीवर आडव्या मांडल्या, एकेका छोट्या पावलाच्या अंतरावर. दोन पऱ्हाट्यांच्या मधे एक पाऊल, पऱ्हाटी मोडता कामा नये. आणि त्या पऱ्हाट्यांकडे बघायचंही नाही. बघायचं दहा पावलं पुढे, पऱ्हाट्या संपतात तिथे उभ्या असलेल्या तिच्या तोंडाकडे. पहिल्या आठवड्यात आम्ही इतक्या पऱ्हाट्या मोडल्या की तिने त्या चुलीसाठी घरी नेल्या. “पोरींनं सरपन करून देल्लं,” असं टोळीत सांगत सुटली. दुसऱ्या महिन्यात एकही मोडेना. पायाला रस्ता कळतो, डोळ्यांनी फक्त आधी सांगून ठेवायचं असतं, हे तिने आम्हाला पऱ्हाट्यांवर शिकवलं. पायही आपोआप उचलून पडायला लागले. घासत चालणारा पाय ढेकळाला अडकतो, उचललेला अडकत नाही.

बुटांचा प्रश्न रफीकभाईंनी सोडवला. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी आमचे मोठे बूट पायाला आवळून दिले. ओढणीचा मुकादमने. एकदा तिने माझी ओढणी हातात घेतली, छातीवरून आडवी घेऊन कमरेला अशी गाठ मारली की दुपारी आईला ती सोडवायला विळी घ्यावी लागली. “हाताले काम दे. हात झुलला त पाय झुलते. ओढणी धरून पयशीन त एका पायानंच पयशीन.”

पण तिची खरी हिंमत पुढच्या धड्यात होती. कोपऱ्यात सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुश्याचा, ढीग पडला होता. ती म्हणाली, “आता पडा.”

न पडण्यासाठी आलेल्या मुलींना ही बाई पडायला सांगत होती.

“तुमी पडता कमी अन् लाजता जास्त,” ती म्हणाली. “तोंड वाचवाले हात ताठ करता, म्हून हात मोडते. कपडे वाचवता, म्हून टोंगळे फुटते. पडाचंच हाय त बरोबर पडा.” आणि पन्नाशी ओलांडलेली ती बाई दोन पावलं पळून कुटारात पडली. हनुवटी आत, कोपर वाकवलेले, खांद्यावरून कलंडत, एखादं पोतं गाडीतून सोडावं तशी. उठली, केसातलं कुटार झाडलं. “बैलगाडीतून तीनदा पडली मी. एक हाड नाई मोडलं. चला.”

आम्ही पडलो. वीसदा, पन्नासदा. त्यात तिने एक नियम केला. जी पडेल तिने पडल्या जागेवरून ओरडायचं, “पडली!” आणि बाकीच्यांनी तोंड फिरवायचं नाही, ती उभी राहेपर्यंत तिच्याकडे बघायचं आणि मग ओरडायचं, “उठली!” पहिल्या दिवशी नर्गिसच्या तोंडून शब्द फुटेना. ज्या शब्दाने तिला वर्षभर चिडवलं होतं, तोच स्वतःहून ओरडायचा होता. तिसऱ्यांदा पडली तेव्हा ती असं ओरडली की रस्त्यावरून जाणारी एक मोटारसायकल थांबली. “पडली!” आम्ही ओरडलो, “उठली!” मोटारसायकलवरची पोरं आमच्याच गावातली होती. ती काही न बोलता निघून गेली. त्यानंतर ‘पडेल’ हे नाव मी गावात ऐकलं नाही. जे नाव माणूस स्वतः ओरडून सांगतं, ते दुसऱ्याच्या काय कामाचं?

भरतीचा दिवस आला. मी उंची मोजतानाच बाहेर पडले, दोन बोटं कमी भरले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवशी माझा जीव माझ्यात नव्हताच, तो मैदानात उभ्या असलेल्या नर्गिसमध्ये होता. मी कुंपणाबाहेर जाळीला बोटं अडकवून उभी राहिले.

सुटल्यावर ती मधल्या घोळक्यात होती. बारीक पावलं, खांदे सैल, मान वर. मला दुरूनही तिची हनुवटी दिसत होती. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिच्यापासून थोडं पुढे पळणाऱ्या एका मुलीचा पाय पायात अडकला आणि ती मुलगी खाली गेली. तिच्यावर मागची अडखळली, तिच्यावर आणखी एक. माझ्या बोटांत जाळी रुतली. नर्गिसच्या पावलात खंड पडला नाही. तिने ते दहा पावलं आधीच पाहिलं होतं. एक छोटं पाऊल बाजूला, आणखी एक, आणि ती त्या ढिगाला वळसा घालून पुढे निघाली. ती शेवटची रेघ ओलांडून थांबली, तेव्हाच मी जाळीतून बोटं सोडवली.

एसटीतून उतरून आम्ही घरी गेलो नाही. सरळ वावरात गेलो. टोळी शेवटचा कापूस वेचत होती. नर्गिस ओळी ओलांडत धावत गेली, “मावशी, मैं नई पडी! पुढच्या तिघी पडल्या, मी नाही!” आणि वळण कसं आलं, पावलं कशी टाकली, सगळं हातवारे करून सांगितलं. बायांनी ओटीतला कापूस तिच्यावर उधळला. मुकादम ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर अभिमान असा चढत होता की मला वाटलं, आता ही बाई पहिल्यांदा रडणार. तिने नर्गिसच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं,

“अन् ते पोरगी उठली काय?”

“कोणती?”

“पडली ते.”

नर्गिसने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. मलाही माहीत नव्हतं. कुंपणाबाहेर मोकळी उभी असूनही मी पाहिलं नव्हतं. कुटारात शंभरदा ओरडलेला शब्द आम्ही आमच्या चौघींपुरताच ठेवला होता.

“पयताना नको पाहू,” मुकादम हळू म्हणाली. “रेघ वलांडल्यावर त मान वयते ना मांगं?” एवढं बोलून ती पुन्हा कापसाकडे वळली. पाठमोरी, मान ताठ. थोड्या वेळाने तिथूनच टोळीला ओरडून सांगितलं, “आज सुट्टी लौकर व, आपली पोरगी पोलीस होऊन राह्यली.”

नर्गिस झाली. आज ती वणीच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक हात दाखवून थांबवते, आणि ट्रकवाला कितीही उंच बसलेला असो, त्याच्या डोळ्यांत बघून बोलते.

मुकादमचं टोंगळं, म्हणजे गुडघा, गेल्या वर्षी कामातून गेलं. ती आता ढाणकीजवळ मुलीकडे राहते. टोळी विखुरली, पहिल्या दिवशी टोबणीला येण्याचा शब्द कुणी देईना. बाबारावकाकांनी गेल्या हंगामात रस्त्याच्या कडेपर्यंत हरभरा पेरला. त्यांना मी दोष देत नाही. करार एका बाईच्या शब्दावर होता आणि तो देणारी बाई गावात नाही. पण नव्या मुली पुन्हा डांबरी रस्त्याच्या तुटक्या कडेवरून पळत आहेत. मान खाली, हात ओढणीवर. मी रोज सकाळी पाहते.

मागच्या बाजाराच्या दिवशी ढाणकीला जाऊन तिला हे सांगितलं. ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती. “मंग तू काय केलं?” तिने विचारलं.

“पत्रक लिहितेय.”

“किती पानाचं?”

“थोडं मोठं झालंय.”

“शेवट वाच आधी.”

मी वाचला. तिने ऐकला, एक पाकळी सोलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, “आता छाप.” तो शेवट असा आहे.

तुमचं वावर रस्त्याला लागून असेल, तर यंदा सोयाबीन निघालं की धुऱ्यापासून आठ पावलं मोजा, टाचेने रेघ मारा आणि तेवढी पट्टी पुढच्या पावसाळ्यातल्या पेरणीपर्यंत गावातल्या मुलींना पळायला सोडा. वावर नसेल, तर ज्याचं आहे त्याच्याकडे जाऊन त्याच्यासमोर आठ पावलं मोजा. आणि तिथे पहिल्याच दिवशी एखादी मुलगी पडली, तर हसू नका, तोंडही फिरवू नका. ती उठली का, तेवढं थांबून पाहा.